‘तिच्यावर सिनेमा येतोय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

माझ्या कपाटात एक कादंबरी आहे. हातात घेतली की ती आपोआप एकाच पानावर उघडते, इतकी तिची शिवण तिथे सैल झाली आहे. त्या पानावर तो तिला काहीतरी सांगणार असतो आणि सांगत नाही. तो जिना उतरून जातो, ती खिडकी लावून घेते आणि प्रकरण संपतं. बाकी काहीच घडत नाही. तरी ते पान मी किती वेळा वाचलंय याचा हिशेब नाही. मग बातमी आली की या कादंबरीवर सिनेमा येतोय. पहिल्या क्षणी आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा आला. त्या खिडकीचं काय करणार हे लोक?

कादंबरीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सगळं बोलणं त्या एका पुस्तकावर जाईल. मला बोलायचंय ते अशा प्रत्येकाशी, ज्याची लाडकी प्रेमकथा सध्या कुणा दिग्दर्शकाच्या हातात आहे. या काळात कानावर बरंच काही येतं. हक्क विकले गेले, पटकथा तयार आहे, कास्टिंग चालू आहे, ट्रेलर आला. प्रत्येक बातमीला आपण एकतर हुरळून जातो नाहीतर धसका घेतो. यातल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय, इतकी वर्षं जातात कुठे आणि प्रेमकथा पडद्यावर नेताना खरी अडचण कुठे येते, हे समजून घेतल्यापासून माझं वाट बघणं बदललं. म्हणून हे लिहितेय.

हक्क विकले म्हणजे सिनेमा झाला असं नाही

पहिली बातमी बहुतेक वेळा ‘हक्क विकले गेले’ अशी असते. प्रत्यक्षात बऱ्याचदा ते विकलेले नसतात, राखून ठेवलेले असतात. या कराराला ‘ऑप्शन’ म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात इसार देतात ना, तसाच हा प्रकार. निर्माता लेखकाला पूर्ण किंमत देत नाही. ठरलेल्या किमतीचा छोटा भाग, साधारणपणे दहावा हिस्सा, आधी देतो आणि त्या बदल्यात बारा ते अठरा महिने ते पुस्तक दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तेवढ्या वेळात त्याने पैसा उभा करायचा, पटकथाकार शोधायचा, दिग्दर्शकाला पटवायचं. जमलं तर उरलेली रक्कम देऊन हक्क खरोखर विकत घ्यायचे. नाही जमलं तर आणखी थोडे पैसे भरून मुदत वाढवायची, किंवा सोडून द्यायचं. सोडलं की हक्क लेखकाकडे परत.

अशी कितीतरी पुस्तकं वर्षानुवर्षं या हातातून त्या हातात फिरत राहतात आणि त्यांचा सिनेमा कधीच होत नाही. म्हणून ‘ऑप्शन’ची बातमी वाचून मनातल्या मनात नायक-नायिका ठरवायला बसण्यात अर्थ नाही. मी बसले होते, म्हणून सांगते.

जुन्या पुस्तकांचं गणित वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर भारतात ६० वर्षं आणि युरोपात ७० वर्षं कॉपीराइट चालतो. तो संपला की कुणाचीही परवानगी लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रज लेखिका जेन ऑस्टेन हिच्या कादंबऱ्या इतक्या वेळा पडद्यावर येतात त्याचं एक साधं कारण हेही आहे. लेखक हयात असेल तर त्याचा शब्द किती चालेल ते करारावर अवलंबून. बहुतेक लेखकांना ‘सल्ला देण्याचा’ हक्क मिळतो, ‘नाही’ म्हणण्याचा मिळत नाही. ‘लेखिका स्वतः या सिनेमाशी जोडलेल्या आहेत’ असं वाचलं की आपल्याला हायसं वाटतं, पण जोडलेलं असणं म्हणजे शेवटचा शब्द आपला असणं नव्हे.

मग वर्षं जातात. ‘द टाइम ट्रॅव्हलर्स वाइफ’ या कादंबरीचे हक्क ती २००३ साली प्रकाशित होण्याआधीच गेले होते, तरी सिनेमा यायला २००९ उजाडलं. ‘द नोटबुक’ १९९६ ची, सिनेमा २००४ चा. गाब्रिएल गार्सिया मार्केसची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ १९८५ ची आणि सिनेमा २००७ चा. त्या कादंबरीतला नायक आपल्या प्रेमासाठी एक्कावन्न वर्षं, नऊ महिने आणि चार दिवस थांबतो, त्यापुढे वाचकांची बावीस वर्षं म्हणजे काहीच नाही!

हा वेळ जातो कुठे? शूटिंगमध्ये तर नक्कीच नाही. एका साध्या प्रेमकथेचं शूटिंग दोन-तीन महिन्यांत आटोपतं. त्यानंतर संकलन, ध्वनी, संगीत यांना आणखी काही महिने लागतात. खरा वेळ त्याआधी जातो. पटकथेचे खर्डे होत राहतात, दिग्दर्शक बदलतो, नटाच्या तारखा मिळतात तेव्हा पैसा नसतो आणि पैसा येतो तेव्हा नट दुसरीकडे अडकलेला असतो. अभिनेत्री एमा थॉम्पसनने ऑस्टेनच्याच ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ची पटकथा लिहिली तेव्हा तिच्या खर्ड्यांवर काही वर्षं गेली. १९९५ साली सिनेमा आला आणि त्या पटकथेला ऑस्कर मिळालं. म्हणून ‘पटकथा पुन्हा लिहिली जातेय’ ही बातमी वाचून मी आता घाबरत नाही. पुन्हा लिहिली जातेय म्हणजे कुणीतरी अजून पुस्तकाशी झटतंय.

एकच बातमी खात्रीची: शूटिंग सुरू झालं. तोवर सगळं कागदावर असतं.

पानं आणि मिनिटं

आता थोडा हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दोन तासांचा सिनेमा म्हणजे शंभर-एकशेवीस पानं, तीही मोकळी मोकळी, संवाद मध्यभागी आणि आजूबाजूला कोरी जागा असलेली. मध्यम आकाराची कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची तर नऊ-दहा तास लागतात. म्हणजे काही प्रसंग गळणार का, हा प्रश्नच नाही. बहुतेक गळणारच आहेत. राहणार काय, एवढंच ठरवायचं असतं.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते डेव्हिड निकल्सच्या ‘वन डे’ या कादंबरीच्या बाबतीत. २००९ ची ही कादंबरी. एमा आणि डेक्स्टर १५ जुलै १९८८ ला भेटतात आणि त्यानंतर प्रत्येक प्रकरण पुढच्या वर्षाच्या त्याच तारखेला घडतं. अशी वीस वर्षं. मधल्या ३६४ दिवसांत काय झालं ते लेखक सांगत नाही. ते आपण सुट्या वाक्यांवरून, एखाद्या पत्रावरून, कुणाचं नाव आता घेतलं जात नाही यावरून ताडत जायचं. या कादंबरीची जादू त्या गाळलेल्या दिवसांत आहे. वाचताना आपण पान उलटतो आणि एक वर्ष उलटलेलं असतं. पोटात कालवतं, कारण मागच्या पानावर दोघं भांडले होते आणि आता ते बोलतायत की नाही हेसुद्धा माहीत नसतं.

२०११ साली त्यावर सिनेमा आला. पटकथा खुद्द निकल्सनेच लिहिली होती, म्हणजे ‘लेखकाला विचारलं नाही’ अशी तक्रार करायला जागाच नव्हती. पण सिनेमा दोन तासांपेक्षाही कमी आणि वर्षं वीस. भागाकार केला तर एका वर्षाला पाच-सहा मिनिटं. पाच मिनिटांत माणसं भेटतात, कपडे आणि केशरचना बदललेली दिसते, एक महत्त्वाचं वाक्य बोललं जातं की पुढचं वर्ष. गाळलेल्या दिवसांबद्दल हळहळायला प्रेक्षकाला वेळच मिळत नाही. नट चांगले होते, जागा सुंदर होत्या, तरी मला तो सिनेमा अल्बम चाळल्यासारखा वाटला.

२०२४ मध्ये तीच कादंबरी चौदा भागांच्या मालिकेच्या रूपात आली. बहुतेक भाग अर्ध्या तासाच्या आसपासचे. आता एखाद्या वर्षाला अख्खा भाग मिळत होता. दोघं नुसती चालतायत, एकमेकांची चेष्टा करतायत, एकाने केलेला फोन दुसऱ्याने उचललेला नाही, अशा ‘काहीच न घडणाऱ्या’ गोष्टींना जागा मिळाली. आणि एक भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा पडणारी फट जवळजवळ पान उलटण्यासारखी असते. पुस्तकातली प्रकरणांची रचना मालिकेच्या भागांत बरीचशी बसली. शेवट सांगत नाही, ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे.

याचा अर्थ मालिका नेहमीच बरी असा मात्र काढू नका. दोन माणसं, एक घर आणि एक आठवडा एवढीच गोष्ट असेल तर तिला आठ भागांत ताणलं की पाणी घातल्यासारखं होतं. दीडशे पानांची प्रेमकथा सिनेमाच्या मापात अगदी सहज बसते. म्हणून ‘सिनेमा की मालिका’ या बातमीकडे मी नटांच्या नावांपेक्षाही जास्त लक्ष देते. पुस्तकातला काळ किती आहे आणि पडद्यावरचा वेळ किती, ही दोन मापं शेजारी ठेवली की पुढचं बरंचसं कळतं.

मनातलं दिसणार कसं?

आता खऱ्या अडचणीकडे येते. लांबी ही त्यातली सोपी अडचण आहे.

प्रेमकथेत आपल्याला जे आवडतं ते बहुतेक वेळा घटनेत नसतंच. समजा, पुस्तकात असं लिहिलंय: तो म्हणाला, “पाऊस थांबलाय.” तिला कळलं, निघायची वेळ झाली असं याला म्हणायचंय. “हो, थांबलाय,” ती म्हणाली, आणि मनात म्हणाली, थांब.

वाचताना इथे काळजात लक्कन होतं. आता हेच कॅमेऱ्यासमोर ठेवा. दोन माणसं दारात उभी आहेत. एक म्हणतो पाऊस थांबलाय, दुसरी म्हणते हो, थांबलाय. संपलं. हवामानाची चर्चा! जे काही घडलं ते तिच्या मनात घडलं आणि कॅमेऱ्याला मन दिसत नाही, चेहरा दिसतो.

पटकथाकारापुढे मग मोजके रस्ते उरतात. एक, तिच्या आवाजात मनातलं वाक्य ऐकवायचं. सोपं आहे, पण सतत केलं तर चित्र बघत असताना कुणीतरी कानाशी पुस्तक वाचून दाखवतंय असं वाटतं. दोन, तिला एखादी मैत्रीण किंवा बहीण द्यायची, जिला ती हे सगळं सांगेल. प्रेमपटांतल्या कितीतरी बडबड्या मैत्रिणी अशाच जन्माला आलेल्या असतात. अडचण अशी की सांगून टाकलेल्या भावनेची धार जाते. तीन, मनातल्या वाक्याच्या जागी एखादी कृती शोधायची. त्याची छत्री तिच्या हातात आहे. तो हात पुढे करतो. ती छत्री देते, पण सोडत नाही, अर्धा सेकंद. बस. ‘थांब’ हा शब्द कुठेच नाही, पण थिएटरमधल्या प्रत्येकाला तो ऐकू गेला.

हा तिसरा रस्ता सगळ्यात कठीण, आणि चांगलं रूपांतर म्हणतात ते बहुतेक इथेच घडतं. छत्री पुस्तकात नव्हती. चोखंदळ वाचक म्हणेल, हे यांनी मनाने घातलं. पण शब्द गाळून अर्थ ठेवायचा तर काहीतरी मनाने घालावंच लागतं.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चंच घ्या. जेन ऑस्टेनची १८१३ ची कादंबरी, जगातल्या सगळ्यात लाडक्या प्रेमकथांपैकी एक. तिच्यातली कलाटणी कुठे आहे? नायक डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा मागणी घालतो तिथे नाही, तिथे तर ती त्याला झिडकारते. कलाटणी आहे त्याच्या पत्रात. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र ठेवून निघून जातो. ते पत्र म्हणजे जवळजवळ एक अख्खं प्रकरण. पुढच्या प्रकरणात ती ते वाचते, रागावते, घडी घालते, पुन्हा उघडते, एकेक वाक्य तपासते, आणि आपण या माणसाला ओळखण्यात किती चुकलो हे तिला हळूहळू उमगतं. दोन तास ती एकटी रस्त्यावर येरझाऱ्या घालत असते. एक बाई एक पत्र दोनदा वाचते, एवढीच घटना! वाचायला विलक्षण, आणि कॅमेऱ्यासाठी डोकेदुखी.

१९९५ च्या बीबीसी मालिकेने काय केलं? तिच्याकडे सहा भाग होते, पाच तासांहून जास्त वेळ. तिने डार्सीच्या आवाजात पत्र ऐकवलं आणि त्यात सांगितलेल्या जुन्या घटना प्रत्यक्ष दाखवल्या. दिग्दर्शक जो राइटच्या २००५ च्या सिनेमाकडे जेमतेम दोन तास होते. तिथे एलिझाबेथ आरशासमोर उभी आहे, जणू आपल्याकडेच बघतेय. ती हलत नाही, उजेड मात्र बदलत जातो. दिवस सरतो. मागे डार्सी येतो, पत्र ठेवतो, जातो. पुस्तकातल्या कितीतरी पानांची उलघाल एका न हलणाऱ्या चेहऱ्यावर आणि सरकत्या उजेडावर सोपवली आहे. दोन्हींपैकी बरोबर कुठलं, असं विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण ‘पत्र नीट वाचून का दाखवलं नाही’ हा प्रश्न मी आता विचारत नाही. त्या जागी काय ठेवलंय ते बघते.

याच सिनेमात आणखी एक क्षण आहे. एलिझाबेथ घोडागाडीत चढताना डार्सी तिला हात देतो. मग वळून चालू लागतो आणि कॅमेरा त्याच्या हातावर जातो. बोटं ताणली जातात, पसरतात, जणू चटका बसलाय. अगदी क्षणभराचा हा तुकडा. कादंबरीत असलं काही नाही. तरी त्या सिनेमाचं नाव काढलं की असंख्य लोकांना आधी तो हात आठवतो. डार्सीच्या मनात काय चाललंय हे पुस्तक आपल्याला थोडं थोडं सांगत असतं. सिनेमाने ते एका पंजावर आणून ठेवलं.

आणि कधीकधी उलटंही होतं. लेखिका जिथे मुद्दाम नजर वळवते तिथे सिनेमाला बघावंच लागतं. दुसऱ्यांदा डार्सी विचारतो तेव्हा एलिझाबेथने नेमक्या कुठल्या शब्दांत होकार दिला, हे ऑस्टेन सांगतच नाही. आपलं मन बदललंय हे तिने, फारसं नीट न बोलता, त्याला समजू दिलं, अशा अर्थाचं एक वाक्य आणि विषय पुढे. दोनशे वर्षं वाचक ते शब्द स्वतः भरत आलेत. सिनेमात मात्र दोघांना समोरासमोर उभं करून काहीतरी बोलायला लावावं लागतं. मग पहाट येते, धुकं येतं, गवतातून चालत येणारा डार्सी येतो. पहिली मागणी पुस्तकात घराच्या चार भिंतींत घडते, २००५ च्या सिनेमात ती बाहेर, कोसळत्या पावसात आहे. पाऊस उगाच नाही. पुस्तकात ज्या रागाला वाक्यं होती त्याला इथे आवाज हवा होता.

‘देवदास’कडे बघितलं की हे आणखी उघड होतं. शरच्चंद्रांची कादंबरी १९१७ ची. तिच्यात पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. १९५५ च्या बिमल रॉय यांच्या सिनेमात त्या वाटेवर एकमेकींसमोरून जातात, क्षणभर नजर मिळते, शब्द एकही नाही. २००२ च्या सिनेमात त्या दोघी एकत्र नाचतात. एकाच माणसावर जीव जडलेल्या दोन बायका, आणि त्यांच्यामधलं अंतर प्रत्येक वेळी कुणीतरी नव्याने मोजलं. मला तो १९५५ चा अबोल क्षण सगळ्यात जवळचा, कारण न भेटण्याचं दुःखही त्यात शिल्लक राहतं. पण नाच बघून हरखलेल्यांशी मी भांडणार नाही. त्यांना त्या दोघींना एकदा तरी एकत्र बघायचं होतं, आणि ही इच्छा पुस्तकातूनच आलेली आहे.

तो चेहरा ‘त्याचा’ नाही

कास्टिंगची बातमी आली की सगळ्यात जास्त मनं दुखावतात. ‘हा? हा कसा शोभेल?’ मीही म्हणाले.

एक प्रयोग करून बघा. डोळे मिटा आणि तुमच्या कादंबरीतला तो किंवा ती डोळ्यांसमोर आणा. आता सांगा, नाक कसं आहे? कान? हनुवटी? मला नाही सांगता आलं. मला त्याची उंची माहीत होती, चालताना थोडं वाकणं माहीत होतं आणि हसताना आधी डोळे हसतात एवढं माहीत होतं. बाकी चेहरा नव्हताच, एक ऊब होती. चांगले लेखक वर्णन कमीच करतात. ऑस्टेन डार्सीबद्दल उंच, देखणा, रुबाबदार एवढ्यावर थांबते. एलिझाबेथचे काळेभोर डोळे सांगते आणि बरंचसं तुमच्यावर सोडते. त्या मोकळ्या जागेत आपण आपल्या ओळखीतले कुणीतरी, आपली स्वप्नं, आपलं वय भरतो. म्हणून कुठलाही नट त्या जागी आला की आधी परकाच वाटतो. तो चुकीचा असतो म्हणून नव्हे, तो पूर्ण असतो म्हणून. त्याला नाक असतं.

निवड करणारे लोक चेहऱ्याच्या साम्यापेक्षा वेगळंच काही शोधत असतात. शेवटच्या फेरीत दोघांना एकत्र बसवून एखादा प्रसंग वाचायला लावतात, त्याला ‘केमिस्ट्री रीड’ म्हणतात. तिथे कोण सुंदर दिसतं याला फारसं महत्त्व नसतं. एक बोलत असताना दुसरा कसा ऐकतो, हे बघतात. प्रेमकथा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घडते. दोन उत्तम नट एकमेकांसमोर कोरडे वाटू शकतात, आणि हे फोटोंवरून कळत नाही. आपण मात्र फोटोंवरूनच निकाल देत असतो.

‘वन डे’च्या मालिकेत एमाची भूमिका अंबिका मॉड या भारतीय वंशाच्या अभिनेत्रीने केली. २०११ च्या सिनेमात तिथे ॲन हॅथवे होती. अंबिकाने सुरुवातीला ही भूमिका नाकारली होती, कारण प्रेमकथेची नायिका म्हणून ती स्वतःलाच डोळ्यांसमोर आणू शकत नव्हती. पुस्तक वाचून ज्यांच्या मनात वेगळी एमा बसली होती त्यांनाही पहिल्या भागात जरा सरकून बसावं लागलं असेल. पण तिरकस बोलून आपलं दुखणं झाकणारी मुलगी हा एमाचा गाभा आहे, आणि तो अंबिकाकडे होता. तीन-चार भागांनंतर मला दुसरी एमा आठवेना.

हीच दुसरी भीती. सिनेमा चांगला झाला तर त्याचे चेहरे पुस्तकात शिरतात आणि बाहेर निघत नाहीत. यावर मी एक उपाय केला. कास्टिंग जाहीर झालं त्या रात्री वहीत माझ्या मनातल्या त्याचं वर्णन लिहून ठेवलं. वाकून चालणं, डोळ्यांनी हसणं, आवाज खालच्या पट्टीतला. पाऊण पानच झालं. पण आता ते कुठे जाणार नाही.

ट्रेलर कसा बघायचा

ट्रेलर म्हणजे सिनेमाचा तुकडा नव्हे, ती त्याची जाहिरात. तो बऱ्याचदा वेगळेच लोक कापतात, कधी मूळ सिनेमाचं संकलन अजून चालू असतानाच. ट्रेलरमधलं संगीत सिनेमात नसू शकतं. त्यातला एखादा प्रसंग शेवटच्या कापणीत गळू शकतो. त्याने विचारलेला प्रश्न एका प्रसंगातला आणि तिने दिलेलं उत्तर दुसऱ्याच प्रसंगातलं, असं जोडकाम सर्रास चालतं. म्हणून ‘यांनी गोष्टच बदलली’ हे ट्रेलर बघून ठरवता येत नाही, आणि ‘अगदी पुस्तकासारखा आहे’ हेही नाही.

मी त्यात आता दोनच गोष्टी बघते. माणसं गप्प असताना कॅमेरा किती वेळ थांबतो, आणि तो कुणाच्या बाजूने बघतो. पुस्तक तिच्या मनातून सांगितलेलं असेल आणि कॅमेरा सारखा त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत असेल, तर गोष्ट त्याची होणार आहे. वाईट असं नाही, पण वेगळी.

पुस्तक पुन्हा वाचायचं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. वाचा, पण सिनेमाच्या दोन-तीन महिने आधी, आदल्या आठवड्यात नको. संवाद तोंडपाठ असताना थिएटरात गेलात तर तुम्ही सिनेमा बघणार नाही, हजेरी घ्याल. थोडा काळ जाऊ दिला की तपशील मागे सरतात आणि त्या पुस्तकाने तुम्हाला काय वाटायला लावलं होतं तेवढं उरतं. मोजायचंच असेल तर त्याच्याशी मोजा.

माझ्या कादंबरीचा ट्रेलर गेल्या आठवड्यात आला. दोन मिनिटं वीस सेकंद. त्यात खिडकी आहे, अगदी थोडी, दीड सेकंद असेल. मी ती थांबवून थांबवून बघितली. पुस्तकात आपण खोलीत असतो, तिच्या शेजारी, आणि तो कुठवर पोचला असेल ते आपल्याला दिसत नाही. सिनेमात कॅमेरा खाली आहे, रस्त्यावर, त्याच्याजवळ. वर खिडकीत दिवा आहे आणि एक हात झडपेकडे येतोय. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, संपलं, तिची गोष्ट त्याची करून टाकली. मग पुन्हा बघितलं. तो चालता चालता थांबलाय. पुस्तकात तो थांबला होता की सरळ निघून गेला, हे मला आजवर कधी कळलंच नव्हतं, तिलाही कळलं नव्हतं. आता खिडकी लागताना कडीचा आवाज रस्त्यापर्यंत येतो का, आणि तो वर बघतो का, तेवढं मला बघायचंय. अजून सात आठवडे आहेत.